"तेव्हाचे लोक रीतसर लाइनीत उभे राहून आले" म्हणे!

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड सारखा फिरतोय: "शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपातून आलेले लोक कायद्याने लाइनीत उभे राहिले, आल्या आल्या इंग्रजी शिकले, कुणाची मदत घेतली नाही आणि कायमचे इथलेच झाले. आताच्यांना हे जमत नाही." वाचून खरंच चीड येते, कारण यातलं एकही वाक्य इतिहासापुढे पूर्णपणे टिकत नाही.

आधी ती लाइन. कुठली लाइन? युरोपातून येणाऱ्याला तेव्हा व्हिसा लागत नव्हता, कोटा नव्हता. नेपल्सला नाहीतर हॅम्बुर्गला जहाजाच्या तळातलं स्वस्त तिकीट काढायचं, एलिस आयलंडवर (न्यूयॉर्क बंदरातलं तपासणीचं बेट) डॉक्टर पापण्या उलटून खुपऱ्या आहेत का बघणार, इन्स्पेक्टर जहाजाच्या यादीवरून प्रश्न विचारणार, की बहुतेक जण काही तासांत बाहेर. १९०७ या एका वर्षात देशात जवळजवळ १३ लाख माणसं आली, आणि एलिस आयलंडवरून परत पाठवलेले शेकडा दोनच्या आसपास. बरं, सगळं कायद्यानेच झालं असंही नाही. १८८५ च्या कायद्यानुसार मजुराने आधीच काम ठरवून येणं बेकायदा होतं (आज एच-वन-बी या कामाच्या व्हिसाला नेमकं उलटं, आधी नोकरी पाहिजे), तरी पद्रोने म्हणवणारे इटालियन मुकादम माणसं ठरवून आणायचे आणि "काम ठरलंय का" विचारलं की "नाही" म्हणायचं, हे गावातूनच शिकवून पाठवलेलं असायचं.

इंग्रजीचं म्हणाल तर सिनसिनाटीत सरकारी शाळांमधून जर्मन चालायचं, न्यूयॉर्कात यिडिश रोजची वर्तमानपत्रं जोरात खपायची, आणि १९१२ ला मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स शहराच्या कापड गिरण्यांत संप झाला तेव्हा सभेतलं बोलणं कितीतरी भाषांत समजावून सांगावं लागलं. मुलं इंग्रजी शिकली, आईबापांपैकी खूप जण नाहीच.

मदत तर पावलोपावली होती. आपल्या गावच्यांची मंडळं, चर्च, शिकागोचं हल हाऊस नावाचं मदत केंद्र, मतांसाठी नोकरी आणि कोळसा देणारे वॉर्डातले पुढारी. त्यात कमीपणा काहीच नाही, आपणही नवीन आलो की महाराष्ट्र मंडळातच फोन करतो ना.

कायमचे राहिले हेही अर्धंच खरं. इटालियनांतले निम्म्याच्या आसपास पैसे साठवून परत गेले, काही तर दोनतीनदा येऊन-जाऊन.

आणि फॉरवर्डमध्ये ज्यांचं नावच नाही त्यांचं काय? चिनी मजुरांना १८८२ पासून बंदी. १९१७ च्या कायद्याने भारतातून कामाला येऊन स्थायिक व्हायची वाट बंद झाली. १९२३ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भारतातून आलेल्या भगतसिंग थिंड यांना नागरिकत्व नाकारलं, भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही म्हणून, आणि आधी मिळालेलं नागरिकत्वही सरकारने लोकांकडून काढून घ्यायला सुरुवात केली. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांना स्वतःचं नागरिकत्व वाचवायला वेगळं कोर्टात लढावं लागलं, ते जिंकले, बाकी बरेच हरले. १९४६ नंतरही अख्ख्या भारताला वर्षाला १०० जणांचा कोटा. आपली मराठी माणसं मोठ्या संख्येने आली ती १९६५ ला कायदा बदलल्यावर, त्यामुळे हा फॉरवर्ड पुढे पाठवणार असाल तर त्याच्याखाली हेही पेस्ट करा.