गुडघे टेकता येत नाहीत आता

उतारवयात माणूस आपसूक देवाकडे वळतो, असं एका लेखात वाचलं. वळतो कसला! मी 76 वर्षांची, ख्रिस्ती, पुण्याच्या गुरुवार पेठेत वाढलेली. 1885 साली उभ्या राहिलेल्या पाच हौदाच्या चर्चची घंटा ऐकत मोठी झाले. देव तेव्हा हाकेच्या अंतरावर होता. हे गेल्यावर मात्र दोन वर्षं प्रार्थनेला शब्द फुटेना. डोळे मिटले की कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या, एवढंच डोक्यात.

बायबलमधल्या 71व्या स्तोत्रात कुणी म्हातारा देवाला विनवतो, अंगातली ताकद सरली म्हणून मला टाकू नकोस. लहानपणी नुसतं पाठ केलं होतं. आता पलंगाच्या कडेला बसूनच प्रार्थना करते, तेव्हा ते खरं कळतं.

सून हिंदू घरातली. गॅलरीतला आकाशकंदील उतरला की त्याच खिळ्याला नाताळचा तारा चढतो. (माझ्या बहिणीला हे अजून खुपतं. खुपू दे.) नात इंग्रजी शाळेत जाते, पण प्रभूची प्रार्थना मराठीत शिकायचा हट्ट तिचाच. ‘आमची रोजची भाकर’पाशी अडली. ‘‘आजी, भाकर म्हणजे चपाती ना?’’

म्हटलं, चल स्वयंपाकघरात. ज्वारीचं पीठ, गरम पाणी. थापता थापता तिची भाकरी फाटली, तव्यावर टाकताना दोन तुकडे झाले. तेच आम्ही दोघींनी तुपाबरोबर खाल्ले.