इथे पूर्वी गोल्फ होता

आमच्या ठाण्यात पत्ता सांगायची एक पद्धत आहे. 'पूर्वी जिथे थिएटर होतं ना, तिथून डावीकडे वळा. पुढे पिठाची गिरणी होती, तिच्यासमोरची बिल्डिंग.' विचारणारा नवा असतो. त्याला ना थिएटर दिसत, ना गिरणी. तो 'बरं बरं' म्हणतो आणि पुढच्या कोपऱ्यावर दुसऱ्याला विचारतो. यंदाच्या मे महिन्यात त्या बिचाऱ्याच्या जागी मी होतो. तेसुद्धा भर समुद्रात, अकराव्या मजल्यावर, पायात मोजे आणि सँडल घालून.

याचं मूळ १९९८ सालात आहे. माझा एक भाचा तेव्हा क्रूझवर स्टुअर्ड होता. सुट्टीवर आला की चॉकलेटं आणायचा आणि चॉकलेटं संपली की जहाजांची माहितीपत्रकं द्यायचा. त्यातल्या एकावर 'ग्रँड प्रिन्सेस' होती. १ लाख ९ हजार टनांची, त्या वेळची जगातली सर्वांत मोठी प्रवासी बोट. टनांचं मला काही वाटलं नाही, टन कोणाला दिसतात? मी पाहत राहिलो ती तिची मागची बाजू. तिथून दोन खांब वर निघाले होते आणि त्यांच्यावर, समुद्रापासून सुमारे दीडशे फुटांवर, एक अख्खा नाइटक्लब आडवा ठेवला होता. वर जायला काचेच्या बोगद्यातून सरकता रस्ता. तिकडचे लोक त्याला मॉलमधल्या ढकलगाडीची मूठ म्हणायचे. मला तो पालखीच्या दांड्यासारखा वाटला.

नाइटक्लबात मी जन्मात गेलेलो नाही. रात्री दहाला माझे डोळे मिटतात. पण मिटायचेच असतील तर एकदा तिथे जाऊन मिटावेत, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

मग घराचे हप्ते आले, मुलाचं शिक्षण आलं, हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन आलं. हप्ते फिटेपर्यंत २०११ उजाडलं आणि त्या वर्षी बहामातल्या फ्रीपोर्टच्या गोदीत नेऊन तो नाइटक्लब कापून टाकला. इतक्या वर आणि इतक्या मागे टांगलेलं वजन रोज वाहून न्यायचं म्हणजे इंधन जास्त लागतं, हा हिशोब. हिशोब बरोबरच असणार. पण नंतरचा फोटो पाहिला आणि चाळीस वर्षं मिशी ठेवणाऱ्या काकांनी अचानक ती काढल्यावर होतं तसं झालं. आवाज तोच, काका तेच, बघवत मात्र नाही.

तेव्हापासून मला हा नाद लागला. मोठ्या बोटींना पाच वर्षांत दोनदा तळाची तपासणी करून घ्यावी लागते. त्यासाठी बोट कोरड्या गोदीत चढवतात. आता चढवलीच आहे तर गालिचे बदलू, गालिचे बदलतोच आहोत तर ती भिंत पाडू, अशी सुरुवात होते. ज्यांच्या घरी 'फक्त रंग काढायचा' म्हणून कारागीर आले आणि चार महिने राहिले, त्यांना अधिक सांगायला नको. आमच्याकडे २००६ साली अशीच गॅलरी आत घेतली. तिथे माझा झोपाळा होता. 'जागा नुसती वाया जाते' असं ही म्हणाली होती. बोटीच्या मालकांचंही नेमकं तेच म्हणणं असतं. फक्त त्यांना त्या जागेत टीव्ही ठेवायचा नसतो, विकायच्या खोल्या काढायच्या असतात.

मनातली चुटपुट अशी की ज्या गोष्टींचा काहीही उपयोग नाही, नेमक्या त्यांच्यावर माझा जीव जडतो. 'सेलिब्रिटी सोल्स्टिस' २००८ साली आली, तेव्हा तिच्या छतावर अर्धा एकर खरीखुरी हिरवळ होती. कापावी लागणारी! शिवाय तिथे अमेरिकेतल्या कॉर्निंग गावच्या काच संग्रहालयाचे कारागीर काच फुंकून सुरया घडवायचे. बोटीवर उघडी ज्योत चालत नाही म्हणून भट्ट्या विजेच्या. खाली समुद्र डुलतोय आणि वर माणूस तापलेल्या काचेत फुंकर घालतोय, यापेक्षा मोठा वेडेपणा मला सुचत नाही. म्हणूनच तो फार आवडला. पुढे त्याच जातीची नवी बोट बांधताना काचेच्या जागी एक हॉटेल काढलं. त्यात जादा पैसे भरून आपलं मांस हवं तर आपणच भाजून घ्यायचं. जुन्या बोटींवरच्या भट्ट्याही यथावकाश विझल्या.

'क्वीन मेरी २' ची गोष्ट तर मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. २०१६ साली हॅम्बुर्गला तिचं मोठं काम निघालं. मधल्या भव्य दालनात काचेच्या दोन लिफ्ट होत्या. वर जाता जाता खालची गंमत दिसायची. त्या काढल्या. त्याच कामात कुत्र्यांची घरं वाढवली आणि त्यांच्या सोयीसाठी डेकवर एक लिव्हरपूलचा दिव्याचा खांब आणि एक न्यूयॉर्कचा फायर हायड्रंट, म्हणजे आग विझवायला लागणारा तो रस्त्याकडेचा नळ, उभा केला. ब्रिटिश कुत्र्याने कुठे पाय वर करायचा आणि अमेरिकन कुत्र्याने कुठे, याचा विचार झाला. माणसाने मान वर करून काय पाहायचं, याचा नाही.

तर यंदा मुलाने फ्लोरिडाहून आमची सात रात्रींची क्रूझ काढली. बोटीचं नाव सांगत नाही. मी महिनाभर आधी तिचे मजल्यामजल्याचे नकाशे मिळवले आणि लाल पेनाने खुणा केल्या. अकराव्या मजल्यावर नऊ होलचा छोटा गोल्फ, नवव्यावर वाचनालय, आणि मागच्या बाजूला गोल जिना चढून एक इवलीशी काचेची खोली.

"बाबा, फिरायला चाललोय की पंचनाम्याला?" मुलगा म्हणाला.

हिने बोटीबद्दल एकच प्रश्न विचारला. "अहो, संडासाला धड दार आहे ना?"

प्रश्न अडाणी नव्हता. २०१० च्या 'नॉर्वेजियन एपिक' वर कुठल्याशा प्रतिभावंताने खोल्यांच्या भिंती लाटेसारख्या वळवल्या, हात धुण्याचं बेसिन खोलीत आणलं आणि संडास व शॉवर समोरासमोर, धुरकट काचेच्या आड ठेवले. धुरकट म्हणजे कोण आहे ते कळणार नाही, पण कोणीतरी आहे हे नक्की कळेल. हे मी हिला चुकून सांगून बसलो होतो. पालखीचा दांडा कापणाऱ्यांना ही काच कापावीशी वाटली असती, तर मी स्वतः करवत नेऊन दिली असती.

आमच्या खोलीला धड दार होतं. उंबराही होता, चांगला वीतभर. पहिल्या रात्री त्याला माझा अंगठा भेटला.

दुसऱ्या दिवशी मी लंगडत नकाशा घेऊन निघालो. वाचनालयाच्या जागी घड्याळांचं दुकान. काचेच्या खोलीकडे जाणारा गोल जिना मात्र होता. गालिचा, पितळी कठडा, सगळं जागच्या जागी. एकवीस पायऱ्या चढून वर गेलो तर समोर भिंत. भिंतीवर सूर्यास्ताचं चित्र. मी परत फिरलो तर पाच पायऱ्या खाली एक गोऱ्या आजीबाई काठी टेकत वर येत होत्या. मी हाताने 'नाही' अशी खूण केली. त्या तरीही वर आल्या, भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाल्या की इथे मी आणि माझे यजमान रोज संध्याकाळी बसायचो. या बोटीवरची ही त्यांची चौदावी सफर. मग त्यांनी मला सगळी बोट फिरवून दाखवली, म्हणजे नसलेली. इथे पियानो होता. इथे केक मिळायचे. या दारामागे नाचायची जागा होती, आता बारा खोल्या आहेत. मला एकदम ठाण्यात असल्यासारखं वाटलं. मीही त्यांना आमच्या थिएटरचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, थिएटर त्यांच्याच गावातलं असल्यासारखी.

हिचं काय चाललंय म्हणाल, तर तिने नकाशा पाहिलाच नव्हता. त्यामुळे तिच्या दृष्टीने बोट भरलेली होती. ती सकाळी पाण्यात पाय सोडून बसायची, दुपारी बिंगो खेळायची. चौथ्या दिवशी तिने त्यात एक बॅग जिंकली.

गोल्फच्या जागी उन्हात पडायच्या खुर्च्यांची रांग होती. शेवटच्या दिवशी तिथेच एकीवर पडलो असताना चप्पल खाली सरकली. काढायला वाकलो, तर खुर्चीखाली प्लॅस्टिकच्या हिरवळीचा हातभर तुकडा उरलेला. त्यात वाटीएवढं भोक आणि शेजारी पितळी आकडा, ७. काढणाऱ्याचा कंटाळा म्हणा किंवा चूक. मी आजूबाजूला पाहिलं. चहाच्या काउंटरवरून एक लिंबू उचलून आणलं, खुर्ची बाजूला सारली आणि हिच्या छत्रीची मूठ हातात धरली. लिंबू गेलं, बोट जराशी कलली, लिंबू वळून कठड्याकडच्या गटारात पडलं.

"अहो, काय चाललंय?" ही म्हणाली.

ग्लास गोळा करणारा पोरगा थांबून पाहत होता. वेंगुर्ल्याचा निघाला. "काका," तो हळूच म्हणाला, "ह्यां पण फुडच्या ड्रायडॉकात काढतले. घसरगुंडी येतली."

"कधी?"

"सप्टेंबरात."

मी त्याला आणखी दोन लिंबं आणायला सांगितलं.