आर्क्टिकमध्ये ‘बर्फ वाढला’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. म्हणे आर्क्टिकमध्ये 2012 पेक्षा आता बर्फ जास्त आहे. उपग्रहातून सगळं दिसतं, तरी भारत तिथल्या समुद्रात यंत्रं बुडवून पैसे घालवतो. आणि ग्लासातला बर्फ वितळून पाणी वाढत नाही, मग मुंबईकराला त्याचं काय?

2012 चं म्हणणं खरं आहे. लबाडी वर्ष निवडण्यात आहे. त्या सप्टेंबरात समुद्री बर्फ सुमारे 34 लाख चौरस किलोमीटरवर आला, 1979 पासूनच्या उपग्रह नोंदींतला नीचांक. त्याच्याशी तुलना केली तर पुढचं कुठलंही वर्ष बरंच दिसणार. 1981 ते 2010 मधल्या सप्टेंबर-नीचांकांची सरासरी 62 लाखांच्या आसपास आहे. 2007 नंतर एकही वर्ष तिथवर पोचलेलं नाही.

उपग्रहाचा मुद्दा मात्र भल्याभल्यांना पटतो. उपग्रहाला बर्फाचा पसारा दिसतो, पृष्ठभागाचं तापमान कळतं. शंभर मीटर खालचं पाणी किती गरम, किती खारट, ते कळत नाही. स्वालबार्ड या नॉर्वेच्या आर्क्टिक बेटांवरच्या काँग्सफ्योर्डमध्ये (फ्योर्ड म्हणजे डोंगरांत शिरलेली समुद्राची लांब, खोल खाडी) खरी उलथापालथ त्या खोल पाण्यातच चाललीय. अटलांटिकचं कोमट, खारट पाणी पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे येतं आणि फ्योर्डच्या तोंडाशी अडवणारा उंचवटा नसल्याने आत घुसतं. 2006 च्या सुमारापासून ते ऐन हिवाळ्यातही घुसू लागलं आणि तिथे पूर्वीसारखा बर्फ धरेनासा झाला. भारताचं ‘इंडआर्क’, म्हणजे पाण्यात उभी सोडलेली उपकरणांची माळ, 2014 पासून तिथेच, सुमारे 190 मीटर खोल पाण्यात आहे. अशा माळेच्या तळाला वजन, वर बोये आणि मधल्या दोराला ठरावीक खोलीवर तापमान, क्षारता मोजणारी उपकरणं. चार महिने सूर्य उगवत नाही, तेव्हाही मोजणी सुरू. जहाजावरून ध्वनिसंकेत दिला की वजन सुटतं आणि माळ वर येते. (मग उपकरणांवरचं शेवाळ खरवडत बसायचं, तेही संशोधनच.) एखादा हिवाळा मोजायचा राहिला तर तो कुठलाही उपग्रह भरून देणार नाही.

राहिला ग्लास. तरंगत्या बर्फापुरतं ते जवळपास बरोबर आहे, पण ग्रीनलंडचा बर्फ जमिनीवर आहे, तो वितळला की समुद्रात पाण्याची भर पडते. समुद्रात उतरलेल्या त्याच्या हिमनद्यांना हेच कोमट पाणी खालून पोखरतं. मुंबईच्या अपोलो बंदरावर समुद्राच्या पातळीची नोंद 1878 पासून आहे, म्हणजे आपल्याकडे समुद्र वाढल्याचा पुरावा घरचाच. शिवाय ग्रीनलंडचा प्रचंड बर्फ आपल्या गुरुत्वाकर्षणाने भोवतालचं पाणी स्वतःकडे खेचून धरतो. तो घटला की ती ओढ सैल होते. तिथल्या किनाऱ्यावर पाणी उलट उतरतं, आणि मुंबईसारख्या लांबच्या ठिकाणी सरासरीपेक्षा जास्त चढतं.