खुलासा: नुसता जेट मोठा करून पद्मिनीची ताकद वाढत नाही

‘एअर फिल्टर काढा, कार्बोरेटरला मोठा मेन जेट बसवा, पद्मिनी दीडपट ताकदीने पळेल’ असा मेसेज सध्या फिरतोय. कृपया असं करू नका. कार्बोरेटर हवेत पेट्रोल मिसळतो, आणि मेन जेट म्हणजे त्यातलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक.

मुंबईत कुर्ल्यात बनलेल्या या जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारीचं इंजिन 1089 सीसीचं, ताकद साधारण 40 अश्वशक्ती. सिलिंडरमध्ये हवा किती भरते, त्यावर ताकद ठरते. जेट मोठा केला की पेट्रोल वाढतं, हवा तेवढीच राहते. पूर्ण जोरासाठी 1 किलो पेट्रोलला साडेबारा-तेरा किलो हवा लागते. त्याहून पेट्रोल वाढवलं की जोर उलट कमी होतो. स्पार्क प्लग काढून बघा, टोकावर कोरडी काळी काजळी दिसेल. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं, पिस्टनच्या रिंगा झिजतात. त्यात फिल्टर नाही, म्हणजे आपल्या रस्त्यांवरची धूळही थेट आत. चांगल्या इंजिनाची नासाडी आहे ही!

खरा जोर हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) कामातून येतो: पोर्ट (हवा येण्या-जाण्याचे मार्ग), कॉम्प्रेशन (मिश्रण किती दाबलं जातं ते), मग कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर नेणारा पाइप). जेट त्यानंतर जुळवायचा. मात्र चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, तेही आधी नीट करून घ्या. आणि खर्चात पडण्यापूर्वी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), पॉइंटचा (ठिणगीसाठी वीज तोडणाऱ्या संपर्काचा) गॅप, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) तपासा. मरगळलेल्या बऱ्याच गाड्या तेवढ्यानेच सुधारतात.