स्टीलच्या ताटात कांदा कापणाऱ्यांनो

ताटात. स्टीलच्या ताटात. चॉपिंग बोर्ड हाताच्या अंतरावर भिंतीला टेकून उभा आहे, लाकडी, दीड इंच जाड, स्वच्छ. आणि कांदा कापला जातोय ताटात, काल रात्री अकरा वाजता धार लावून, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या सुरीने. कर्र. कर्र. वर काकूंचा शेरा: "एवढा वेळ घासत बसला होतास रात्री, पण हिला धार कुठंय रे?"

होती, काकू. सकाळी साडेसातपर्यंत होती.

"ताट सुरीपेक्षा मऊच असतं की!" हा युक्तिवाद माहीत आहे. असतं मऊ. ताटाचा पत्रा मऊ आणि बऱ्यापैकी जर्मन वळणाच्या सुरीचं पातं कडकपणाच्या रॉकवेल मापावर ५५ ते ५८, म्हणजे चांगलंच कडक. पण पातं कडक म्हणून धार दणकट असते असं कोणी सांगितलं? नीट लावलेल्या धारेची अगदी शेवटची कड एखाद्या मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. डोक्याचा केस साधारण सत्तर. लाकडावर ही कड जराशी रुतते, लाकूड तिला सामावून घेतं. पत्रा घेत नाही. मग कड वाकते आणि एका अंगाला झोपते. त्यात सुरीचं पोट फुगीर, त्यामुळे ती पत्र्याला टेकते ती एकाच ठिपक्यावर, आणि हाताचा सगळा जोर त्या ठिपक्यावर. म्हणून अशी सुरी सगळीकडे सारखी बोथट होत नाही. मुठीजवळ ती अजून कागद चिरते. मरते ती नेमकी पोटाजवळच्या दोन इंचांत, जिथे रोजचा कांदा-टोमॅटो असतो.

खोटं वाटत असेल तर धार वर करून सुरी दिव्याखाली धरा आणि हळूहळू कलती करत न्या. शाबूत धार दिसत नाही. उजेड परत फेकायला तिच्याकडे सपाटीच नसते. जिथे चांदीच्या तारेसारखी रेघ चमकते, तिथे धार गेली. दिसते ती धार नव्हे. आत्ता समोरच्या सुरीवर साडेपाच सेंटिमीटरची रेघ चमकते आहे. फूटपट्टी लावून मोजली. हो, मोजली.

आणि ताट हा एकच गुन्हा असता तरी चाललं असतं. कापून झालं की तीच धार बोर्डावर आडवी खरवडत कांदा कढईत लोटायचा. अरे, उलटी करा ना सुरी! पाठ कशासाठी दिली आहे तिला? धारेला सरळ दाब सोसतो, आडवा सोसत नाही. लाल भोपळ्यात सुरी अडकली की तिथेच पिरगळायची, मग धारेचा तुकडा उडून दातरा पडला की "पूर्वीच्या सुऱ्या टिकायच्या." गुळाची ढेप फोडायची. लोणच्याच्या बरणीचं झाकण उचकटायचं. थेट ग्रॅनाइटच्या ओट्यावर कोथिंबीर चिरायची, आणि ग्रॅनाइटमधलं क्वार्ट्झ पोलादापेक्षाही कठीण. मग सिंकमध्ये कुकरच्या भांड्यांखाली तिला रात्रभर झोपवायचं. लग्नात काचेचा चॉपिंग बोर्ड भेट देणारे तर वेगळीच जमात. त्यावर चिटकवलेली ती फुलं बघून त्यांना काय वाटतं देव जाणे.

वर उपदेश: "फार धार लावू नकोस, हात कापेल." बोथट सुरी टोमॅटोच्या सालीवरून घसरते, घसरते म्हणून जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेली सुरी घसरली की बोटावर येते. मग हळद दाबून पुन्हा शेरा, सुरीला फार धार होती म्हणून!

यावर घरोघरी एक रामबाण इलाज असतो: ते दोन खाचांचं प्लास्टिकचं यंत्र. खर्र-खर्र ओढलं की झालं. त्याच्या आत कार्बाइडच्या दोन पट्ट्या व्ही आकारात बसवलेल्या असतात. त्या धार लावत नाहीत, पोलाद सोलतात. पाच-सहा वेळा ओढून खालच्या फडक्यावर बघा, बारीक लोखंडी कीस पडलेला असतो, तो तुमच्या सुरीचा. कड करवतीसारखी फाटते, म्हणून दोन दिवस टोमॅटो कापला जातो आणि सगळे खूश. वर्षभराने मुठीजवळ पात्याला खळगा पडतो, कारण ओढायची सुरुवात तिथून होते. मग बोर्डावर सुरी टेकली तरी तिथे फट राहते आणि कोथिंबिरीची माळ तशीच लोंबते. दगडावर तो खळगा काढायचा म्हणजे बाकीचं सगळं पातं झिजवून त्याच्या पातळीला आणायचं. तासभर. खडबडीत दगडावर.

सायकलवरच्या धारवाल्याबद्दल मात्र बोलताना जीभ जरा आवरते. शिकलगार हा शब्दच शस्त्रांना झिलई देणाऱ्यांवरून आलेला, आणि घरच्या जाड पात्याच्या विळीला तो माणूस पाच मिनिटांत जी धार देतो ती वाईट नसते. पण कोरड्या चाकावर पातळ स्टेनलेस सुरी टेकवली आणि ठिणग्यांचं कारंजं उडालं की पोरं टाळ्या पिटतात आणि पात्याचं पाणी उतरतं. कडेला निळसर झाक दिसली म्हणजे तिथे तापमान तीनशे अंशांच्या घरात गेलं. तेवढी कड मऊ पडली, आता तिला कितीही घासा, आठवड्यात बोथट. शेजारी पाण्याचा डबा ठेवून दर दोन फेऱ्यांनी पातं बुचकळणारा धारवाला दिसला तर त्याला सोडू नका.

आता दगडावर धार लावायला शिकवणाऱ्या ऑनलाइन गुरुजींकडे वळू. "पाठीखाली दोन नाणी ठेवा, कोन आपोआप येतो." कुठल्या सुरीच्या पाठीखाली? दोन नाणी म्हणजे फार तर चार मिलिमीटर. पात्याची रुंदी ४५ मिलिमीटर असेल तर कोन होतो पाच अंश. पाच! दगड धारेला शिवतही नाही, धारेचा उतार जिथे सुरू होतो त्या वरच्या खांद्यावर ओरखडे काढत बसतो. तासभर घासूनही काही होत नाही आणि माणूस दगड माळ्यावर टाकतो. हिशेब रुंदीवर असतो. पाठ दगडापासून पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश वर धरली की कोन साडेएकोणीस अंश येतो, घरच्या सुरीला उत्तम. एक चतुर्थांशावर साडेचौदा, तो कडक जपानी सुऱ्यांसाठी. शाळेतली षटकोनी पेन्सिल सात मिलिमीटर जाड असते. ४५ मिलिमीटरच्या सुरीला दोन पेन्सिलींची उंची, फळं कापायच्या २० मिलिमीटरच्या छोट्या सुरीला एक. झालं. यात कसलं झेन नि कसली साधना? आठवीची भूमिती आहे.

आणि कोन बरोबर आहे का हे कळायला गुरू नको, मार्कर पुरतो. धारेच्या दोन्ही उतारांवर काळा मार्कर फिरवायचा, दगडावर चार हात मारायचे आणि बघायचं. वरचीच शाई गेली तर पाठ थोडी उचला. फक्त अगदी कडेची गेली तर थोडी खाली घ्या. सगळी गेली तर हात तसाच ठेवा. तसाच म्हणजे तसाच, टोकाकडे जाताना कोपर किंचित वर, कारण तिथे पातं वळतं.

पण सगळ्यात डोक्यात जातात ते आठ हजार ग्रिटवाले. ग्रिट म्हणजे दगडाच्या कणाचं माप, आकडा जितका मोठा तितका कण बारीक. सुरी लाटण्याइतकी बोथट, आणि हे पहिल्याच दिवशी ८००० चा दगड मागवतात, "आरशासारखी" करायला. गिलावा नाही आणि ऑइल पेंट! घरच्या सुरीला १००० चा एक दगड बास. फारच मेलेली असेल तर आधी ४००. ३००० च्या वर जायचं ते हौस म्हणून, भाजीला काही फरक पडत नाही. उलट टोमॅटोच्या सालीला १००० ची जराशी खरखरीत धार जास्त पटकन पकडते. आणि १००० म्हणजे नेमकं किती हेही विचारून घ्या. जपानी मापातल्या १००० चा कण साडेअकरा मायक्रॉनच्या आसपास, पॉलिश पेपरवरच्या पी १००० चा अठरा. हार्डवेअरच्या दुकानातल्या दोन रंगांच्या दगडावर तर आकडाच नसतो. विचारलं की उत्तर ठरलेलं: "एक बाजू रफ, एक बाजू फाइन." धन्यवाद. त्याला कार्बोरंडम म्हणतात, पण त्यात कुरुंद औषधालाही नाही. १८९१ मध्ये अमेरिकेत अ‍ॅचेसन नावाचा गृहस्थ कृत्रिम हिरे करायला गेला आणि हाती सिलिकॉन कार्बाइड लागलं, त्याला हे नाव चिकटलं. खरा कुरुंद म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, तो बहुतेक जपानी पाणदगडांत असतो. नाव आपल्या दक्षिणेचं, तमिळ कुरुंदमवरून जगभर गेलेलं, आणि दगड विकत घ्यायचा जपानचा.

खरी गोम ग्रिटमध्ये नाहीच, बरामध्ये आहे. वर्कशॉपमध्ये बर म्हणतात तो, पलीकडच्या बाजूला वळून येणारा धातूचा सूक्ष्म काठ. एका बाजूने घासत राहायचं ते मुठीपासून टोकापर्यंत पलीकडे बर लागेपर्यंत. अंगठा पाठीकडून धारेकडे आडवा सरकवून बघा, लांबीच्या दिशेने नाही, नाहीतर पुन्हा हळद. कळत नसेल तर कापसाचा पुंजका त्याच दिशेने ओढा, बर असेल तिथे तंतू अडकतील. बर आला नाही म्हणजे दोन उतार अजून भेटलेले नाहीत, मग वीस हात मारा नाहीतर दोनशे. "प्रत्येक बाजूने दहा-दहा वेळा" सांगणाऱ्याने हे कधी सांगितलंय का? आणि बर आला की तो काढावाही लागतो. बर म्हणजे धार नव्हे. पहिला कागद झोकात कापतो, दुसऱ्या टोमॅटोला मोडून पडतो. बाजू बदलत दहा, पाच, तीन, एक असे हात, दर वेळी दाब कमी. दगड वजनकाट्यावर ठेवून पाहा, सुरुवातीला दीड-दोन किलो, शेवटी दोनशे ग्रॅमसुद्धा नको. मग वर्तमानपत्राच्या घडीवर किंवा जुन्या चामडी पट्ट्यावर, धार मागे ठेवून, पाच-सात वेळा.

इथे थांबून कबूल करायला हवं की रात्री अकरा वाजता मार्कर, कापूस, वजनकाटा आणि भिंग घेऊन ओट्याशी उभा असलेला माणूस बाहेरून कसा दिसत असेल याची कल्पना आहे. धार तपासून तपासून डाव्या हातावरचे केस गेलेत, उजव्यावरचे आहेत. आणि घरात एक लाल मुठीची, चाळीस रुपयांची दातेरी सुरी आहे. तिला दोन वर्षांत कोणी दगड दाखवलेला नाही, आणि ती आजही टोमॅटो कापते. ताटात. कारण पत्र्याला टेकतात ती दात्यांची टोकं, मधल्या खाचा पत्र्याला शिवतच नाहीत. काकूंना ती आवडते. काकूंचं चूक नाही, हे लिहिताना दात खावे लागतायत इतकंच.

पण दगडाचं काय? तो तर माझा होता. मागच्या महिन्यात कोणीतरी त्यावर टाचा घासल्या. १००० च्या दगडावर! त्याआधी विळी एकाच जागी घासून मधोमध पन्हळ पाडलेली. मध्ये खोलगट झालेल्या दगडावर कोन सांभाळणं विसरा, दर हातागणिक तो बदलतो. मग दगडावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, ग्रॅनाइटच्या सपाट तुकड्यावर १२० चा वॉटर पेपर ओला करून त्यावर दगड घासायचा, सगळ्या रेघा जाईपर्यंत. मधल्या रेघा सगळ्यात शेवटी जातात. आणि काम झाल्यावर कोणी तो "लवकर वाळेल" म्हणून गच्चीत उन्हात ठेवू नका, तडा जातो. सावलीत, उभा, दोन दिवस.

असो. दगड पाण्यात टाकलाय. बुडबुडे थांबायला दहा-पंधरा मिनिटं लागतील, तोवर हे लिहून झालं. साडेपाच सेंटिमीटरच आहे, वाकलेली कड आहे, दातरा नाही, १००० वर दहा मिनिटांचं काम. वर येणारा राखाडी गाळ धुऊ नये, तोच घासतो. खाली ओला नॅपकिन, दगड सरकू नये म्हणून. नॅपकिन सापडत नाहीये. त्यात भाकरी गुंडाळल्यात.