माळवदाखाली मोबाइलच्या दुकानाचा उजेड

आंबेजोगाईतील आमच्या जुन्या घराच्या बैठकीत जरा डोळ्यांना सुखावणारा उजेड असावा, एवढ्या साध्या इच्छेपायी गेला दीड महिना मी जो मनस्ताप सोसला आहे, तो आता मुकाट्याने गिळणे मला शक्य नाही. घर माळवदाचे आहे. दगड-मातीच्या दोन हात जाड भिंती, सागवानी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा थर. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर धास्तीने अनेकांनी माळवदे उतरवून पत्रे टाकले. आमचे राहिले, आणि उन्हाळ्यात त्याचे उपकार आम्ही रोज मानतो. रात्री मात्र मधल्या तुळईवर एकच ट्यूबलाइट चोकच्या गुणगुणण्यासह फडफडत असे. ती काढून भिंतींवर आणि देवळ्यांमध्ये, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यांमध्ये, चार-सहा पिवळसर, मंद दिवे लावले, तर खोलीची कळा बदलेल, असा माझा हिशेब होता.

वायरमनने उंबरा ओलांडताच मान वर केली आणि तो म्हणाला, "काका, हे सगळं झाकून टाकू. पीओपी करा, सोळा पॅनल बसवू, मोबाइलच्या दुकानावानी चकाचक दिसंल." माळवदाखाली पीओपी! पावसाळ्यात माळवद कुठे पाझरते, हे फळीवर उमटलेल्या ओल्या डागावरूनच कळते. तुळईला वाळवी लागली, तर तिची मातकट रेघ डोळ्यांना दिसावी लागते. हे सारे पांढऱ्या छताआड गेले, तर दुखणे कळेपर्यंत तुळई आतून पोकळ झालेली असेल. मी हे त्याला दोनदा समजावून सांगितले. त्यावर त्याचे उत्तर एकच: "पिवळा लाइट आता कोण लावायलंय, काका?"

दुकानदाराची तर वेगळीच तऱ्हा. दिव्याच्या खोक्यावर के अक्षराच्या आधी जो आकडा असतो, तो उजेडाचा रंग सांगतो, त्याचा जोर नव्हे. ३००० के म्हणजे जुन्या बल्बच्या जवळचा पिवळसर उजेड आणि ६५०० के म्हणजे निळसर पांढरा. पण आकडा मोठा म्हणजे माल भारी, अशी या गृहस्थांची ठाम समजूत असल्याने ते प्रत्येक वेळी ६५०० चेच खोके पुढे सरकवत होते. त्या उजेडात सागवान राखेसारखे दिसते आणि समोर बसलेला पाहुणा दवाखान्यातल्या रुग्णासारखा, हे सांगून सांगून माझा घसा बसला. अखेर ९ वॅटचे सहा पिवळे दिवे घेऊन घरी आलो. लावून पाहतो, तर चार पिवळे आणि दोन पांढरेशुभ्र, खोक्यांवर मात्र सहाही ठिकाणी ३००० च छापलेले! परत घेऊन गेलो, तर उत्तर मिळाले की वॉरंटी बल्बला असते, रंगाला नसते.

वायरिंगची कथा याहून संतापजनक आहे. लाकडी पट्टीवरची जुनी तार बदलायची, तर नवी तारही भिंतीवरूनच पट्टीने नेणे सरळ होते. पण साहेबांना तार भिंतीच्या आतून न्यायची होती, म्हणून मी बाजारात गेलेलो पाहून त्यांनी भिंतीला कटर लावले. मातीची भिंत ती! पाइपापुरती खाच पडण्याऐवजी देवळीच्या कडेचा परातीएवढा पोपडा खाली आला, आणि त्या देवळीत आईने ठेवलेली समई मातीत गाडली गेली. वर मलाच ऐकवले की भिंतच कच्ची आहे. भिंत इतकी वर्षे उभी आहे, महाराज. तुमच्या कटरपुढे ती कच्ची ठरली!

एवढे होऊनही दिवे लागले, हे मान्य. चार पिवळ्या दिव्यांच्या उजेडात तुळयांची तांबूस झाक पहिल्यांदाच नीट दिसली आणि क्षणभर माझा राग उतरलाही. मग रात्री बटणे बंद केली, तरी देवळीतला दिवा काजव्यासारखा मिणमिणतच राहिला. दुसऱ्या एका जाणकाराला बोलावून तपासले, तेव्हा कळले की बटण फेजच्या, म्हणजे वीज घेऊन येणाऱ्या तारेवर टाकण्याऐवजी न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर टाकले आहे. म्हणजे बटण बंद असतानाही होल्डरमध्ये वीज जिवंत असते, आणि इकडून तिकडून निसटणाऱ्या जराशा प्रवाहावर एलईडी पेटता राहतो. जुना ६० वॅटचा बल्ब तेवढ्याने पेटला नसता, त्यामुळे चूक दिसलीही नसती. पण बटण बंद आहे, या भरवशावर बल्ब बदलायला गेलेल्या माणसाला झटका तेव्हाही बसलाच असता. मुळात ही चूक करणाऱ्याला हातात टेस्टर धरायची लाज कशी वाटत नाही?

मजुरी आगाऊ घेतलेला आमचा वायरमन आता फोन उचलत नाही. देवळीची कड अजून उघडीच आहे. काल रात्री दोन वाजता आईने हाक मारून विचारले, "देवळीतला दिवा मालवला नाहीस का रे?" बटण मी संध्याकाळपासून बंदच ठेवले होते.