पाठांतर काढू नका, प्रश्न बदला

2020 मध्ये नवं शैक्षणिक धोरण आलं, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या चर्चांत एक मागणी सतत ऐकू येते: मुलांना घोकंपट्टीतून सोडवा, माहिती तर मोबाइलवर असतेच. लंडनमध्ये राहून मला हे अर्धंच पटतं.

इथल्या काळ्या टॅक्सीचा परवाना हवा असेल, तर ‘द नॉलेज’ नावाची परीक्षा द्यावी लागते. ती 1865 पासून चालू आहे. लंडनच्या मध्यावरच्या चेरिंग क्रॉस चौकापासून सहा मैलांच्या आतले सुमारे 25 हजार रस्ते, 320 ठरावीक मार्ग, शिवाय वाटेतली रुग्णालयं, नाट्यगृहं, न्यायालयं, सगळं तोंडपाठ. बहुतेकांची तीन-चार वर्षं त्यात जातात. पावसापाण्यात मोपेडवर, हँडलला कागद अडकवून गल्ल्या पालथ्या घालणारे उमेदवार आजही दिसतात. मग दोघं-दोघं बसून पाढे म्हणावेत तसे मार्ग मोठ्यानं म्हणतात.

ॲपवरच्या गाड्यांच्या चालकांना ही परीक्षा लागत नाही. ती मोडीत काढा म्हणणारे इथंही आहेत. पण युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या मेंदूशास्त्रज्ञ एलेनॉर मॅग्वायर यांनी 2000 मध्ये दाखवलं, की काळ्या टॅक्सीच्या चालकांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे वाटा आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागाचा, मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा असतो. 2011 च्या अभ्यासात उमेदवारांची सुरुवातीला आणि काही वर्षांनी तपासणी झाली. ही वाढ उत्तीर्ण झालेल्यांतच आढळली.

मला महत्त्वाची वाटते ती परीक्षेची रीत. पाठ केलेले मार्ग परीक्षक जसेच्या तसे विचारत नाही. तो मनात येतील ती दोन ठिकाणं सांगतो. समोरच्यानं नकाशा न बघता, पाठ असलेले तुकडे तोडून-जोडून, प्रत्येक वळणासह जवळचा रस्ता सांगायचा. चुकला तर काही आठवड्यांनी पुन्हा यायचं.

आपल्याकडे गाईडमधलं उत्तर ज्या शब्दांत पाठ केलं, त्याच शब्दांत मागितलं जातं. म्हणून ते परीक्षा संपताच वाहून जातं. दोष स्मरणशक्तीला का द्यायचा? मुलांना गोदावरीवरची गावं आणि धरणं खुशाल पाठ करू द्या. मग वर्गात उभं करून विचारा: गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी जायकवाडीला पोचेपर्यंत कुठून कुठून जाईल, आणि वाटेत ते कुणाकुणाला हवं असेल?